सिस्टरांची पळी

“जरा वाकून बघा.”

आमच्या सिस्टरांचं बोलणं इथून सुरू व्हायचं. नमस्कार, ख्यालीखुशाली वगैरे नंतर. आधी तुम्हाला तुमच्याच रांजणावर वाकवायचं. हातात आमटी वाढायची लांब दांड्याची पळी. ती पाण्यात बुडवून वर काढायची आणि उन्हात धरायची. पळीत बारीक अळ्या उलट्यासुलट्या होत असायच्या.

“बघितलं? आठवडाभरात पंख फुटतेत यांना. मग तुमच्याच घरी जेवतेत.”

भोकरजवळच्या आमच्या गावात त्या उपकेंद्राच्या नर्स म्हणून आल्या. त्याआधी बरीच वर्षं किनवटकडची जंगलातली गावं पायी फिरल्या होत्या. म्हाताऱ्या आईला दर महिन्याला नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागे, म्हणून ही जागा त्यांनी खटपट करून मागून घेतली होती.

तुम्ही पाहिलेली नर्स आपण आजारी पडल्यावर भेटते. ही बाई आजारी पडण्याआधीच दारात यायची, आणि हे आपल्याकडे कुणाला खपत नाही. आजारात धावून आलेल्याचे आपण पाय धरतो. आधी आलेल्याला विचारतो, “काय काम हाय?”

त्यांचं काम म्हणजे शनिवारचा कोरडा दिवस. पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, उन्हात पालथी घालायची. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही लहर असेल तर. अशा गावात पाणी ओता म्हणणं म्हणजे सराफाला सोनं फेक म्हणण्यासारखं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी सुग्राबीचं भरलेलं टिपाड आडवं केलं. सुग्राबी बांगड्या भरते. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं मनगट तिच्या हातातून गेलेलं आहे, त्यामुळे तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती होत नाही.

“अगे शिस्टर, पाणी काय तुझ्या बापानं भरलं होतं? आता नळ येईस्तोवर काय पिऊ? तुझी सुई?”

संध्याकाळी सिस्टर शाळेजवळच्या हातपंपावरून डोक्यावर घागर घेऊन येताना दिसल्या. टिपाड भरेपर्यंत त्यांनी खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला सुग्राबीनं चहा पुढे केला.

“चुकलं माझं, आपा,” सिस्टर म्हणाल्या. “अळ्या मारायच्या होत्या, तुमाला न्हाई.”

पुढच्या शनिवारपासून पद्धत बदलली. जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात काढायचं, कडेला चिकटलेली अंडी काथ्यानं खरवडायची, टिपाड वाळवायचं, पाणी परत भरायचं. थेंब वाया नाही, आणि अळ्या फडक्यासकट उन्हात.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. आमच्याकडे आरोग्यावर भरपूर पुस्तकं आहेत, त्यांवर धूळही भरपूर आहे. उन्हाळ्यात एका दुपारी सिस्टर थेट कूलरच्या मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “ग्रंथपाल, वाचक येत न्हाईत म्हणून रडता ना? या, जरा वाकून बघा.” मी वाकलो. वाचनालयात एवढी हजेरी मी कधी पाहिली नव्हती.

गल्लीच्या टोकाला अध्यक्षांचा बंगला. कशाचे अध्यक्ष, ते गावात कुणी विचारत नाही. अंगणात निळ्या फरशीचं कारंजं, मधोमध मान वर केलेला सिमेंटचा हंस. कारंजं पाहुणे आले की उडायचं. एरवी पाणी साचून हिरवं झालेलं असायचं. सिस्टर दर शनिवारी फाटकाशी जात आणि वॉचमन दर शनिवारी त्यांना परत पाठवी.

“सायबांनी सांगितलंय, आत सोडायचं न्हाई.”

“सायबांना सांग, डास बाहेर येताना मला इचारत न्हाईत.”

गणपती उठले आणि गल्लीच्या त्याच टोकाला ताप सुरू झाला. सुग्राबीच्या नातीचा ताप उतरेना. सिस्टरांनी तिला स्वतः भोकरला नेलं, तिथून नांदेडला पाठवलं. डेंग्यू निघाला. पोरीच्या पेशी रोज खाली जात होत्या. गल्लीतली एकूण एक टिपाडं कोरडी झाली होती. राहिलं होतं ते फाटकाच्या आतलं पाणी. सिस्टरांनी वर लेखी कळवलं. वरून उत्तर आलं नाही, आमंत्रण मात्र आलं: अध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्त आरोग्यदूतांचा सत्कार, स्थळ बंगल्याचं अंगण.

मला वाटलं, त्या जाणार नाहीत.

“जाते की,” त्या म्हणाल्या. “आमंत्रणाबिगर ते फाटक उघडत न्हाई.”

समारंभ आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो तसाच होता. फलकावर अध्यक्षांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, कोपऱ्यात सिस्टरांचं नाव, तेही चुकलेलं. शाल खांद्यावर पडली की कारंजं उडायचं असं ठरलं होतं. अध्यक्ष सेवेवर बोलले, त्यागावर बोलले, देवदूतांवर तर फारच वेळ बोलले. मग सिस्टरांचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, आणि व्यासपीठाकडे न जाता कारंज्याकडे वळल्या. पर्समधून पळी निघाली.

“अध्यक्षसाहेब, जरा वाकून बघा.”

“अवो शिस्टर, कार्यक्रम चालू हाय.”

“यांचा बी चालूच हाय.” त्यांनी पळी उन्हात धरली.

अध्यक्ष शाल घेऊन ताठ उभे राहिले, हंसासारखे. तेवढ्यात गर्दीतून सुग्राबी पुढे आली. ती नांदेडच्या बसमधून उतरून थेट आली होती, हातात डब्याची पिशवी तशीच. ती कारंज्यावर वाकली.

“या अल्ला! हाव की, वळवळून राहिल्यात.” मग मागे वळून ती ओरडली, “अगे या गं समद्या, बघा! माझी पोर तिकडं सुया टोचून घेऊन राहिली, अन् यांनी हितं हे पाळून ठेवल्यात!”

बायका उठल्या. एकेक करत साऱ्या कारंज्याभोवती वाकल्या. व्यासपीठासमोर नुसत्या खुर्च्या उरल्या.

अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, “शिस्टर, किनवट लांब हाय बरं.”

“लांब कुठं? रेल्वे जाते. अन् लोक बी वळखीचे हायत.” सिस्टरांनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचं बूच उपसलं. पाणी गुडगुडत जाऊ लागलं. मग हात पुसून त्यांनी अध्यक्षांच्या हातातली शाल घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि घडी घालून परत दिली.

“जाड हाय. पाणी गाळायला कामाची न्हाई.”

शालीबरोबरचा नारळ मात्र ठेवून घेतला. चटणीला.

नात बरी होऊन घरी आली, आणि पाठोपाठ सिस्टरांच्या बदलीचा कागद आला. किनवटच. मी म्हटलं, “आईचं कारण दाखवून अर्ज तरी करा.” टेम्पोत सामान चढत होतं, आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती.

“केलाय. भांडणार हाय मी, सोडणार न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “पण आईच म्हणली, तोवर रडत बसू नको, चल.” जाताना पळी त्यांनी सुग्राबीच्या हातात दिली.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कारंजं पुन्हा भरलं गेलं. शनिवारी सकाळी लोखंडी फाटकावर टणटण ऐकू आली म्हणून मी बाहेर आलो. सुग्राबी पळी आपटत उभी होती. अध्यक्ष वरच्या गॅलरीत आले.

“आता शिस्टर न्हाई. कुणाच्या हुकमानं आलीस?”

“हुकूम कायका? पाणी बघायला आलो. फाटक खोलाय सांगा.”

तिच्या मागे गल्लीतल्या बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात आपापल्या घरची पळी. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे वाचनालयातला चहाचा चमचा होता.

वॉचमननं एकदा वर पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि कडी काढली.