हवालदार गेट सोडत नाहीत

किरकटवाडीचे रंगनाथ हवालदार फौजेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचलेली नाही. सिंहगड रस्त्यावरून थोडं आत वळलं की 'निसर्गछाया' नावाची सोसायटी लागते. त्यातला निसर्ग बिल्डरने पाया खणतानाच काढून टाकला, छाया तेवढी इमारतीची पडते. तिच्या गेटवर हवालदार रात्रपाळीला असतात. तिथे केबिन आहे, केबिनमध्ये खुर्ची आहे आणि त्या खुर्चीवर हवालदारांची पिशवी बसते. ते स्वतः उभे असतात.

केबिनच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नियम लावले आहेत. पहाऱ्यावर बसू नये. टेकू नये. खाऊ नये. ओळखीचा माणूस असला तरी हटकावे. आणि खाली लाल शाईत: बदली माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडू नये. एजन्सीच्या सुपरवायझरने हे वाचून विचारलं होतं, "काका, सीमा इथून बरीच लांब आहे ना?"

"म्हणून तर," हवालदार म्हणाले, "सीमेवर बघायला बाकीचे आहेत. इथे मी एकटाच."

अशा माणसाचं काय करावं ते सोसायटीला कळत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या उत्कर्षाच्या सासूबाईंना त्यांनी वीस मिनिटं गेटबाहेर उभं केलं, कारण उत्कर्षा फोन उचलत नव्हती. सासूबाई अजून धुसफुसतात. उत्कर्षाने मात्र त्या दिवाळीला हवालदारांना चकल्यांचा वेगळा डबा दिला.

तर त्या रविवारी सकाळी सातला बारा तासांची पाळी संपली आणि बदलीवरचा ऋषी आलाच नाही.

एरवी हवालदार सोमवारपर्यंतसुद्धा उभे राहिले असते. पण त्या दिवशी अकराला घरी पाहुणे यायचे होते. त्यांच्या नम्रताला बघायला. बघायला हे आपलं म्हणायला. नम्रता आणि साई हिंजवडीत एकाच कंपनीत, दोन वर्षं एकाच कॅबने जातात; बघायचं ते बघून झालं होतं. अडचण होती साईच्या वडिलांची. नऱ्ह्याचे रणजितशेठ, बांधकामाचा धंदा, आणि मानपानाला असे कडक की पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेले नाहीत. ते हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर नुसती कॅब.

आठला नम्रताचा फोन आला.

"बाबा, निघालात ना?"

"बदली यायचाय अजून."

"बाबा, प्लीज! आज नको ना ते तुमचं. साईच्या पप्पांना आधीच सगळ्यात खोट दिसतेय. त्यात तुम्हीच नाही म्हटल्यावर..."

"येईल गं ऋषी."

"आणि नाही आला तर?"

हवालदारांनी लाल शाईकडे पाहिलं. पाय जागचे हलले नाहीत. पायांना नम्रता माहीत नव्हती, त्यांना फक्त हुकूम माहीत होता.

नऊ वाजले. ऋषीचा फोन बंद. सुपरवायझर म्हणाला, दुसरा माणूस दोनला मिळेल, "तोवर गेटला कडी घालून जा की, काका." हवालदारांनी फोन कानापासून लांब धरला, त्यातून वास आल्यासारखा.

सव्वानऊला चेअरमन आप्पासाहेब पेपर घ्यायला खाली आले. मूळचे शनिवार पेठेतले, महसूल खात्यातून निवृत्त.

"अहो हवालदार, तुमच्याकडे आज पाहुणे ना? मग इथे कोणाला बघायला थांबलात?"

हवालदारांनी परिस्थिती सांगितली.

"एवढंच? मी थांबतो दोनपर्यंत. घरी नाहीतरी मला कोणी काही विचारत नाही, इथे निदान पत्ता तरी विचारतील."

"आपल्याला पहाऱ्याचं शिक्षण नाही, साहेब."

"मग द्या. तीस वर्षं महसुलात काढलीत मी. माणसं अडवून ठेवणं मला नवीन नाही."

हवालदारांनी नियम पुन्हा वाचला. बदली माणूस कोणत्या वयाचा असावा हे त्यात नव्हतं. त्यांनी पाऊण तास शिक्षण दिलं: उभं कसं राहायचं, हात किती वर करायचा, अनोळखी माणूस किती पावलांवर थांबवायचा. आप्पासाहेबांनी शंका विचारून विचारून गुरूला घाम फोडला. मग एकेक वस्तू मोजून चार्ज देणं सुरू झालं.

"शिट्टी एक," हवालदार म्हणाले.

आप्पासाहेबांनी चष्मा लावला आणि शिट्टी हलवून पाहिली. "हिच्यात मणी नाही."

"वाजते, साहेब."

"वाजेल हो. पण उद्या मणी कुठे गेला असा खुलासा मागितला, तर देणार कोण? लिहा, 'शिट्टी एक, मणीरहित.'"

हवालदारांनी लिहिलं. "टॉर्च एक."

"चालू की बंद?"

"थोपटल्यावर चालू."

"तसं लिहा. कुठल्या बाजूने थोपटायचा तेही लिहा."

दोघांनाही एकमेकांबद्दल जो आदर त्या तासाभरात वाटला तो आजवर बायकोबद्दलही वाटला नव्हता. एवढ्यात फोन वाजला. हवालदारांची बायको, वेणूबाई.

"अवो, पाव्हणं येऊन बसल्यात! शेठ सारखं घड्याळाकडं बघत्यात. तुमी हाय तरी कुठं?"

"छत्रीपर्यंत आलोय."

"कसली छत्री? ऊन पडलंय मरणाचं!"

हवालदारांनी फोन ठेवला. छत्रीची एक काडी मोडकी निघाली, तिची नोंद झाली, दोन्हीकडून सह्या झाल्या. सव्वाअकराला हवालदारांनी खुर्चीवरची पिशवी उचलली, कडक सलाम ठोकला आणि ते गेटबाहेर पडले. रस्त्यापलीकडे लावलेल्या स्कूटरपाशी पोचल्यावर आठवलं: हेल्मेट केबिनमध्ये राहिलं. मुलीचं लग्न टांगणीला लागलेलं असताना हेल्मेटसाठी मागे फिरणारा अख्ख्या पुण्यात हा एकच माणूस असेल.

"थांबा!" आप्पासाहेबांचा हात वर गेला. अगदी शिकवला तेवढाच. "कोण आहे?"

"साहेब, मी. रंगनाथ."

"काम?"

"हेल्मेट राहिलं."

"कोणत्या फ्लॅटमध्ये?"

"साहेब, केबिनमध्ये. आपल्या मागेच, खिळ्याला."

"ओळखीचा माणूस असला तरी हटकावे, असं इथे लिहिलंय. आधी नोंद करा."

हवालदारांनी रजिस्टर ओढलं. कोणाला भेटायचे या रकान्यात त्यांनी 'हेल्मेट' लिहिलं. उशीर तर होतच होता, पण ऊर अभिमानाने भरून आला त्याला ते तरी काय करणार?

पुढे सिंहगड रस्ता रविवारचा. अर्धं पुणे खडकवासल्याला कणीस खायला निघालेलं. हवालदार सिग्नल पाळत, झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबत किरकटवाडीत पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. गल्लीत वळतात तो त्यांच्याच अंगणातून एक पांढरी मोटार बाहेर येत होती. कधी न पाहिलेली. सोळा तास ताठ उभं राहिलेलं शरीर. त्याने डोक्याला विचारलंच नाही. स्कूटर आडवी लागली, हात वर गेला.

"थांबा! कोण आहात? कुणाकडं आला होता?"

मोटार कचकन थांबली. काच खाली झाली. आत रणजितशेठ.

"तुमच्याकडंच," ते म्हणाले. "दीड तास."

ओट्यावर नम्रताने कपाळाला हात लावला. मागच्या सीटवर साई स्वतःचे बूट बघत होता. हवालदारांना सगळं उमगलं, फक्त हात खाली घ्यायचं सुचेना.

"मुलीचा बाप घरात नाय, तर बोलायचं कुणासंगं?" रणजितशेठ म्हणाले. "आमच्यापरीस ते गेट मोठं हाय का तुमास्नी?"

"मोठं नाही, शेठ. पण माझ्या हवाली होतं. दुसऱ्याच्या हाती दिल्याबिगर येता येत नव्हतं. तुमची माफी मागतो. पण उद्या पुन्हा असंच झालं, तर पुन्हा असाच उशीर होईल."

ओट्यावरून वेणूबाईंचा "अवो!" ऐकू आला.

शेजारच्या सीटवरून साईच्या आई, यमुनाबाई, नवऱ्याला म्हणाल्या, "गेल्या महिन्यात आपल्या साईटवरनं लोखंड गेलं, तवा तुमचा वॉचमन कुठं होता वो?"

"पिक्चरला," साई बुटांना म्हणाला.

रणजितशेठनी हवालदारांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सिमेंटची गोणी बघावी तसं. आणि इंजिन बंद केलं.

"हवालदार, आमच्या साईटवर येता का? सगळा पहारा तुमच्या हाताखाली."

"शेठ, एकच काय ते ठरवा," हवालदार म्हणाले. हात आता खाली आला होता. "व्याही झालो तर नोकरी नाही. नोकरी दिली तर व्याहीपण नाही. दोन्ही एकदम जमणार नाही, नियमात बसत नाही."

रणजितशेठ विचारात पडले. खरोखरच पडले. पुरतं अर्धं मिनिट ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते, आणि त्या अर्ध्या मिनिटाबद्दल नम्रताने सासऱ्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग त्यांनी दार उघडून पाय खाली ठेवला.

"व्याहीच व्हा," ते म्हणाले, जरा हळहळूनच. "पण तुमच्यासारखा एखादा माणूस तेवढा बघून द्या."