दारावरचं कडं

अंबरनाथला कारखान्याचा फाटा मुख्य लाइनीला मिळतो, तिथल्या जुन्या केबिनमध्ये बाबांनी नोकरीभर सिग्नलचे दांडे ओढले. एखाद्या रुळावर गाडी उभी असली की त्याच्या दांड्यावर ते लोखंडी कडं चढवत. कडं दिसलं की दांड्याला कुणी हात लावायचा नाही, आणि ज्याने घातलं त्यानेच, लाइन क्लिअर झाल्यावर, ते काढायचं.

असंच एक जुनं कडं आमच्या घरीही होतं. बाबा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले की आई ते दाराच्या मुठीला अडकवायची. मग तिचं शिलाई मशीनही बंद. उल्हासनगरहून आणलेल्या जीन्सचा ढीग तसाच पडून राहायचा आणि आम्ही भावंडं भांडायचोसुद्धा खुणांनी.

तीन वर्षांपूर्वी आई त्याच खोलीत वारली. तेरावं झालं तसं बाबांनी दार ओढून घेतलं आणि कडं अडकवलं. मी किती डोकेफोड केली!

"बाबा, पुरे आता. आत तिच्या साड्यांना कसर लागली असेल."

"लाइन क्लिअर नाही झाली अजून," ते शांतपणे म्हणायचे. मग मी भांडी आपटत स्वयंपाकघरात जायचे.

परवा नव्या रुळांसाठी केबिन पाडायला घेतली. "मला ने," बाबा म्हणाले. रिक्षाने गेलो. जिना आधीच काढून टाकला होता. मजूर दांडे कापून टेम्पोत भरत होते. "तो कोपऱ्यातला फार जड होता मेला," एवढंच बाबा पुटपुटले.

घरी आल्यावर चपला न काढताच ते आईच्या खोलीच्या दारापुढे उभे राहिले.

"कडं तू काढ."

"ज्यानं घातलं त्यानंच काढायचं ना?"

"ड्युटी संपली की चार्ज द्यावा लागतो. दिला तुला," म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले.

मी कड्याला हात लावला. दार उघडलं की आत आई नसणार, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण दार बंद होतं म्हणून ते बघावं लागलं नव्हतं. बाबांवर चिडण्यात माझी तीन वर्षं बरी गेली होती. मी तिथेच बसून हमसून हमसून रडले.

"काढलंस?" बाबांनी बाल्कनीतून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "लाइन क्लिअर नाही झाली अजून."