समाजमंदिरातली सासू

बाई खाष्ट होत्या, असे परवा आमच्या भांडगावच्या समाजमंदिरात, त्यांच्याच शोकसभेत, तीन वक्त्यांनी ठासून सांगितले. तिघांनीही बाई फक्त खिडकीबाहेरून ऐकल्या होत्या. समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे असे, मी दाराशी बसून त्यांना पाहिले आहे. तेव्हा खरे काय ते मी सांगणार.

बाई केडगावहून येत. दौंड-शिरूरच्या गावांत, बाळंतिणीला अंगावर पाजताना आधार देतील अशा तिच्याच बरोबरीच्या बायका त्या तयार करीत. ‘सल्लागार’ हा शब्द त्यांना खपत नसे. “सल्ला देणारे घरात कमी हायत का? तुम्ही शेजारीण व्हा,” असे म्हणत.

शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची. जुन्या लुगड्याचे बाळ करून एकीच्या मांडीवर द्यायचे, दुसरीला शेजारीण करायचे आणि स्वतः डोक्यावर पदर ओढून सासू व्हायचे. मग आवाज पार खिडकीबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाई. “पोर भुकेनं टाचा घासतंय! हिच्या अंगात दूधच न्हाई! आण तो पावडरचा डबा!” शेजारीण शास्त्र सांगू लागली, की सासू दुप्पट कडाडे. कित्येक पोरी रडल्या. अखेर एखादी हळूच विचारी, “मावशी, तुमच्या पहिल्या खेपेला जवळ कोण होतं?” तत्क्षणी बाई पदर खाली घेऊन हसत. “आता कसं! हितं सासू गप झाली बघा.”

टपरीवरच्या विद्वानांनी कडाडणे तेवढे ऐकले आणि बाईंना ‘खाष्ट’ हे नाव ठेवून टाकले.

एका वक्त्याने तर माझ्याच घराचे नाव घेऊन कहर केला. म्हणे, बाईंनी माझ्या घरातला डबा अंगणात भिरकावला. साफ खोटे! माझी सून बाळंत झाली, बाळ अंगावर पिईना, सून रडून रडून थकली आणि आमच्या मंडळींनी, म्हणजे तिच्या सासूने, पावडरचा डबा आणवला, इथवर खरे. बाई आल्या, मंडळींशेजारी बसल्या आणि त्यांच्यापुढची मेथी निवडू लागल्या. डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“हिला दूधच येत न्हाई,” मंडळी म्हणाल्या.

“व्हय का? आक्का, तुमच्या पहिल्या खेपेला जवळ कोण होतं?”

मंडळींचा हात थांबला. “कुणी न्हाई. पहिला चीक पिळून टाकायला लावला मला. लई रडले व्हते.” एवढे बोलून त्या उठल्या आणि सुनेच्या पाठीला उशी लावली. बाईंनी बाळाचे पोट आईच्या पोटाला लावून कसे धरायचे ते दाखवले. बाळ चुरूचुरू पिऊ लागले. डबा मंडळींनीच सील न फोडता दुकानात परत पाठवला. भिरकावलेला डबा कोणता दुकानदार परत घेतो?

हे सांगायला मी सभेत उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, “आबा, बसा. गेलेल्या माणसावरून वाद नको.”

“जिवंत माणूस आपले उत्तर आपण देतो. वाद गेलेल्यासाठीच घालावा लागतो,” मी म्हणालो. मला हात धरून बसवण्यात आले.

आता त्याच समाजमंदिरात बाईंच्या जागी माझी सून सासू होते. काल डब्याची थाप मारणारा तोच वक्ता टपरीवरून ओरडला, “आबा, सूनबाई बी खाष्ट निघाल्या की!” मी त्याच्या मनगटाला धरून त्याला दाराशी आणून बसवले. “शेवटपर्यंत ऐक.”

आत सून कडाडत होती. समोरची पोर चाचरत म्हणाली, “मावशी, तुमच्या पहिल्या खेपेला जवळ कोण होतं?”

सून पदर खाली घ्यायला विसरली.

“माझ्याजवळ?” ती म्हणाली. “माझ्याजवळ बाई होत्या.”