खासदारांसाठी तळलेली गाभोळी

शेजारी कुणी माशाच्या अंड्यांची गाभोळी तळायला घेतली, की मला आमची महाडची ओसरी आठवते. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मी त्या घरात नवी सून होते. आषाढात आमच्या भागाचे खासदार सासऱ्यांकडे उतरले होते, आणि त्यांना भेटायला खाडीकाठचा एक म्हातारा कोळी चिखल तुडवत आला होता. पायरीवर बसूनच तो म्हणाला, “साहेब, पावसात मासळी पोटुशी असते. आमी नारळी पुनवेपर्यंत जाळी आढ्याला टांगून ठेवतो. यंत्राच्या होड्या कायच पाळत नाय. दिल्लीत कायदा करा, नाय तर दर्यात काय उरायचं नाय.” खासदारांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि येत्या अधिवेशनात प्रश्न मांडायचा शब्द दिला. तेवढ्यात मी आतून बशी घेऊन आले. पाहुण्यांसाठी सासऱ्यांनी सकाळी बाजारातून मुद्दाम गाभोळी मिळवली होती आणि मी ती रव्यात घोळवून खरपूस तळली होती. खासदारांचा हात बशीपाशीच थांबला. शेवटी म्हाताराच हळूच म्हणाला, “खावा साहेब, पोरीनं एवढं केलंय.” खासदार नुसता चहा घेऊन उठले आणि बशी तशीच आत आली. त्या कायद्याचं पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. गाभोळी मात्र वाया जायला नको म्हणून मीच चुलीपाशी उभ्यानं संपवली. अजूनही तो वास आला, की आधी माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि मगच तो म्हातारा आठवतो.