आक्काबाईचा तराफा

नेवाशाच्या रस्त्याला, पुलाच्या अलीकडं, आक्काबाई कित्येक वर्षं मासे विकत बसायची. पण पाण्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. लहानपणी धाकटी बहीण तिच्या डोळ्यांदेखत डोहात गेली होती. धरणाच्या फुगवट्यावर जाळं टाकायचं काम नवऱ्याचं, वैजनाथचं. तो मासे घेऊन आला की ती काठावरच टोपली भरून घ्यायची.

मग वैजनाथला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून आणल्यावर तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. भाकरी कुस्करून दिली तरी दात मिटून घ्यायचा. लेक रेश्मा सासरहून आली, रडून गेली. एक दिवस आक्काबाईनं खाटच ओढून दारात आणली. तिथून पाणी दिसत होतं. त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली.

तिनं दीर गोरक्षनाथला बोलावलं. "भावजी, मला तराफा वल्हवायला शिकवा. ह्यांना पान्यावर न्यायचंय."

"वयनी, याड लागलं का? कलंडला तर दोघंबी जाल."

"जाऊ. पन हितं ते रोज थोडं थोडं मरत्यात, ते मला बघवत न्हाई."

थर्माकोलचे तुकडे गोणपाटात बांधून केलेला तो वैजनाथचाच तराफा. पहिल्या दिवशी भीतीनं तिला उलटी झाली. वैजनाथला पोत्यांच्या गठ्ठ्याला टेकवून मागं बसवलं, कमरेला ट्रकची ट्यूब बांधली. ती पुढं बसून फळीनं पाणी मारायची. जाळ्याची दोरी त्याच्या डाव्या हातात. मासा लागला की तो घशातून हुंकार द्यायचा, मग ती जाळं ओढायची. मोठा कटला क्वचितच, बहुतेक बारकी चिलापीच. पण तो जेवायला लागला. दोन हंगाम असे गेले.

गेल्या भाद्रपदात भर दुपारी वारं सुटलं. आक्काबाईनं तराफा वळवला. लाटा अंगावर येत होत्या, मागं बघायची सोय नव्हती. भीती घालवायला ती बोलतच राहिली. रेश्माला दिवस गेलेत, पत्रा गळतोय, काय काय.

"अवो, जरा हूं तरी म्हना की. मी एकटीच बडबडतीय."

काठ जवळ आला तेव्हा ती चिडली होती. "रुसला व्हय माझ्यावर? उद्या आनतच न्हाई तुमाला."

गोरक्षनाथ गुडघाभर पाण्यात उतरला होता. त्यानं तराफा धरला, भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याच्या मुठीतली दोरी हळूच सोडवली.

"वयनी, उतरा. मागं बघू नका."

लोक म्हणाले, पाण्यावरच गेला, नशीबवान. आक्काबाईनं ऐकून घेतलं. तराफा दिराला देऊन ती पुन्हा रस्त्याला बसायला लागली.

रेश्मा बाळंतपणाला आली तेव्हा एकदा मासे साफ करता करता आक्काबाई तिला म्हणाली, "शेवटी मी त्यांच्यावर रागावले गं. त्यांना ऐकू गेलं आसंल का?"

आक्काबाईनं हातावरची खवलं झटकली आणि दुसरा मासा घेतला.