दोन रिंगांची हजेरी

आमचा गट दर शनिवारी चार वाजता कर्वेनगरमधल्या एका बालवाडीत जमतो. तिथे मोठ्या माणसांच्या खुर्च्या नाहीत. त्यामुळे पन्नाशी-साठीतले आम्ही गुडघे हनुवटीला लावून लाल-पिवळ्या खुर्च्यांवर बसतो आणि समोर भिंतीवर ससा, बदक आणि आगगाडी बघत एकमेकांना सांगतो की या आठवड्यात आंघोळ दोनदाच झाली, किंवा चार रात्री झोप लागली नाही आणि उत्साहाच्या भरात तीन शिलाई मशिनं घेतली. मशिनंवाला मी. मला शिवता येत नाही.

माझ्या आजाराला बायपोलर म्हणतात. वर गेलो की मी फार मजेदार माणूस असतो. हे मी म्हणत नाही, मला सोडून गेलेली बायकोसुद्धा मान्य करते. खाली आलो की कसा असतो हे फारसं कोणी पाहिलेलं नाही, कारण तेव्हा मी दार उघडत नाही.

गट चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचं स्वतःचं नैराश्य त्यांच्या नोकरीपेक्षा जुनं. दारावर त्यांनी खडूने लिहून ठेवलंय, ‘चपला आणि सल्ले बाहेर काढावेत.’

आमच्याकडे प्रत्येकाला एक जोडीदार असतो. सकाळी आठच्या सुमारास जोडीदाराला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा, मग बंद. त्याने उचलायचा नाही, उलट फोनही करायचा नाही. अर्थ एवढाच, की उठलो, आहे. नऊपर्यंत आला नाही तर जोडीदाराने फोन लावायचा, आणि उचलला नाही तर घर गाठायचं. ज्याला पलंगावरून पाय खाली ठेवणं जड जातं, त्याला ‘कसे आहात’ याचं उत्तर द्यायला लावू नये, म्हणून ही सोय.

माझे जोडीदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर. स्वारगेटच्या मागे तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दोघंच राहतात. बाईंनी आम्हाला मुद्दाम जोडलं होतं. “एक बोलत नाही, एक थांबत नाही. भागेल,” म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात कॅशियर शनिवारी यायचे बंद झाले. ‘सर्दी आहे’ असा मेसेज आला. रिंगा मात्र चुकल्या नाहीत. उलट सुधारल्या. आधी त्या पावणेआठ ते पावणेनऊ कधीही यायच्या, कधी तीन, कधी चार, कारण ते बंद करायला विसरायचे. आता आठच्या ठोक्याला आणि मोजून दोन. मी गटात उभा राहून हे साभिनय सांगितलं. “हल्ली मी घड्याळ त्यांच्या रिंगेवर लावतो.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

“तुम्ही त्यांच्याशी बोललात का?”

“नियमात बसत नाही, बाई.”

मला हे उत्तर आवडलं होतं. मी तेव्हा वर होतो. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरातले डबे रंगवत होतो. अशाच एका गुरुवारी डोक्यात आलं की कॅशियरांच्या दाराबाहेर आठ वाजता उभं राहायचं, रिंग आली की नियम मोडून उचलायची आणि बाहेरूनच म्हणायचं, “कॅशियरसाहेब, खिडकी उघडा, गिऱ्हाईक आलंय.” जिना चढताना मी हे वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं.

कचरेवाली येऊन गेली असावी. लाकडी दार उघडं होतं आणि जाळीचं बंद. जाळीतून वहिनी दिसल्या. त्यांनी गाऊनला हात पुसले, फ्रीजवरचा फोन घेतला, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. आठ वाजले. त्यांनी बटण दाबलं. माझा खिसा वाजला. वहिनींचे ओठ हलले, एक, दोन. त्यांनी फोन बंद केला आणि आवाज बाहेरून आला हे लक्षात येऊन वळल्या.



“अहो, तुम्ही? आत्ताच दिली की रिंग. उशीर नाही झाला.”

“ते कुठे आहेत, वहिनी?”

“झोपलेत.” त्यांनी कडी काढली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझी नोकरी शाळेच्या ऑफिसात झाली. हजेरीचं मस्टर माझ्याकडे असायचं. खाडे वाढले की नाव कमी होतं, मीच करायची. यांना जायला तेवढी एकच जागा उरली होती. म्हटलं, नाव तरी राहू दे.”

“किती दिवस देताय?”

त्यांनी कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीची बारीक टिक. “आज एकोणिसावा.”

एकोणीस दिवस मी वहिनींच्या वक्तशीरपणाचं कौतुक कॅशियरांच्या नावावर जमा करत होतो.

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. कुबट वास होता. कॅशियर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाढी पांढरी वाढलेली, खांद्याचं हाड शर्टातून वर आलेलं. उशाशी गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली, आणि पाण्याचा भरलेला पेला, त्यात एक चिलट तरंगत होतं. मी पलंगाच्या कडेवर बसलो.

“आलात,” ते न वळता म्हणाले. “ती रोज रिंग द्यायची ते मला इथे ऐकू यायचं. वाटायचं, आज उचलतील.”

“नियम होता.”

“हो. मीपण हात वर केला होता त्याला.”

बाईंनी शिकवलं होतं की असल्या वेळी आडून विचारू नये. मी विचारलं, “मरायचे विचार येतात?”

“येतात.”

“आत्ता?”

“आत्ताही.”

हे त्यांनी शिल्लक सांगावी तसं सांगितलं. बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वहिनी दारात होत्या, त्यांनी ऐकलं होतं.

मी बाईंना फोन केला, बाईंनी कॅशियरांच्या डॉक्टरांना. रिक्षा खाली आली तरी वहिनी इस्त्रीचा शर्ट शोधत होत्या. “दवाखान्यात असं नेऊ का त्यांना?” वरची दोन बटणं त्यांनी लावली, उरलेली मी लावली. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या.

“सर्दी बरी नाही का अजून?”

“छातीत उतरलीय,” वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याचा दंड आणखी घट्ट धरला.

डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं. कॅशियरांना भरती करून घेतलं. आम्ही नियम बदलला. आता रिंग उचलायची आणि निदान एक वाक्य ज्याचं त्यानेच बोलायचं, शिवी असली तरी चालेल.

दीड महिन्याने कॅशियर बालवाडीत आले. वहिनी त्यांना दारापर्यंत सोडून बाहेर पायरीवर बसल्या. ते छोट्या खुर्चीत जपून बसले आणि म्हणाले, “मला जोडीदार बदलून द्या.” मग माझ्याकडे बघून, “राग नाही. पण यांच्या बोलण्यात मला शिरायला फट सापडत नाही.”

बाईंनी मान डोलावली. माझ्या जिभेवर दोन विनोद तयार होते. मी आगगाडीकडे बघत बसलो.

निघताना चपला घालत होतो, तर ते शेजारी येऊन उभे राहिले.

“काल किती तास झोपलात?”

“सहा.”

त्यांनी माझ्याकडे उजेडात नोट धरून बघावी तसं बघितलं. “खरं सांगा.”

हे मी दीड महिन्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. “दीड.”

“गोळ्या?”

“मधेमधे.”

“डॉक्टरांना फोन लावा. इथेच. मी उभा आहे.”

उभे कसले, त्यांनी भिंतीला हात लावला होता. त्यांना अजून फार वेळ उभं राहवत नव्हतं. पायरीवरून वहिनी आमच्याकडे बघत होत्या. मी फोन लावून कानाला धरला. एक रिंग गेली, दुसरी गेली. माझा अंगठा आपसूक लाल बटणाकडे निघाला होता.

“बंद करू नका,” कॅशियर म्हणाले.