मुका खो-खो

सन १९७९. माझं वय एक्केचाळीस. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शन घेऊन मी दिल्लीतच सरकारी गाडीवर ड्रायव्हर लागलो होतो आणि सरोजिनी नगरात आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. तिच्यापुढचं सगळं मी फौजेत शिकलो, आणि फौजेत शिकलेलं चुकीचं असू शकतं हे मला कोणी सांगू शकत नव्हतं.

आमचा ब्लॉक दुमजली, आणि मधे गवताचा चौक. फौजेत संध्याकाळी चारला गेम्स असायचे. मग आमच्या ब्लॉकातल्या पोरांचेही चारला गेम्स. माझी पाळी पहाटेची, दुपारी तीनला मी घरी. चहा घ्यायचा, बरोबर चारला चौकात उभं राहून शिट्टी मारायची, की पंधरा-सोळा पोरं गोळा. पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्यांना मी खो-खो शिकवला. 'खो' असा द्यायचा की मार्केटपर्यंत ऐकू गेला पाहिजे, हा माझा नियम. पुटपुटणाऱ्याला मी बाहेर काढायचो.

त्या हिवाळ्यात चौकाला लागून असलेल्या तळमजल्याच्या क्वार्टरमधे एक नर्सबाई राहायला आल्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, वय तिशीच्या आतबाहेर. नवरा तिकडेच गावी मास्तर. ब्लॉकात मराठी घरं आता दोन झाली म्हणून आमच्या मंडळींना कोण आनंद झाला. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. डिसेंबरात त्यांना नाइट ड्यूटी लागली, लहान मुलांच्या वॉर्डात. सकाळी साडेआठला त्या बसमधून उतरायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

एका दुपारी खेळ रंगात आला असताना त्या शाल गुंडाळून दारात आल्या. डोळे लाल.

"दादा, पोरांना सहानंतर खेळवाल का? तेवढे दोन महिने."

"सहाला अंधार पडतो, सिस्टर. अंधारात घुबडं खेळतात."

"मग रस्त्यापलीकडच्या मैदानावर?"

"आणि रस्ता ओलांडताना पोर बसखाली गेलं तर? तुमच्याच दवाखान्यात आणायचं का?"

त्या आत गेल्या, खिडकीची कडी लावली. मी शिट्टी मारून पुढचा डाव सुरू केला.

घरी आल्यावर ही म्हणाली, "जिंकलात? स्वेटरवर पदक शिवू का?"

"अगं, रात्री झोपून येतात त्या. परत दुपारची झोप कशाला?"

इथेच माझी चूक होती, आणि ती माझ्यासारख्या फौजीनेच करावी अशी होती. आमच्याकडे रात्रीचा गार्ड म्हणजे दोन तास पहारा आणि चार तास आराम. तुमची पाळी झाली की दुसऱ्याला हलवून उठवायचं आणि आपण कांबळ्यात शिरायचं. नाइट ड्यूटी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच यायचं. मला वाटलं, बाईंचंही तसंच. मी कोणाला विचारलं नाही. विचारणं हा माझा स्वभाव नव्हता. उलट दुसऱ्या दिवशीपासून मी पोरांना आणखी मोठ्याने ओरडायला लावलं.

जानेवारीत संक्रांत झाली, त्यानंतरच्या शनिवारी गाडीचं चाक पंक्चर झालं आणि मला घरी यायला सव्वाचार झाले. चौकाच्या कोपऱ्यावर आलो तर आवाज नाही. सोळा पोरं असलेल्या चौकात आवाज नाही म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार.

बघतो तर सगळी पोरं तिथेच. खो-खो चालू होता. आठ जण ओळीने उकिडवे बसलेले, एक पळतोय, एक पाठलाग करतोय, आणि तोंडातून अक्षर नाही. खो द्यायचा तर पाठीवर दोन थापा. बाद झाला तर माझी थोरली, अकरा वर्षांची, हात वर करायची. चपला सगळ्यांनी कडेला काढून ठेवलेल्या, त्या थंडीत. बाद दिल्यावरून दोघांचं भांडण लागलं, तेही हातवारे करून, दात-ओठ खाऊन. आमचा धाकटा पळताना पडला, गुडघा सोलला. त्याने भोकाड पसरायला तोंड उघडलं मात्र, दोन मुली धावल्या, एकीने खांदे धरले, एकीने पाय, आणि त्याला उचलून ब्लॉकच्या पलीकडे नेलं. तिथे तो पोटभर रडला. मग त्याला परत आणून ओळीत बसवला.

मी तापलो. माझ्या पोरांना कोणीतरी दम दिला होता, मी नसताना.

"कोणी गप्प केलं तुम्हाला?" मी परेड ग्राउंडवरच्या आवाजात विचारलं.

सोळाच्या सोळा पोरांनी ओठांवर बोट ठेवलं. थोरली पळत आली, माझा हात धरून मला खाली वाकवलं.

"आबा, हळू. सिस्टर झोपल्यात."

"मग झोपू देत की! रात्री चार तास झोपतात, ते पुरत नाहीत?"

"कुठे झोपतात? आईने तिळाचे लाडू दिले होते ना, ते मी सकाळी न्यायला गेले. त्यांनी मला चहा दिला, त्यात मीठ घातलेलं. मी म्हटलं खारट आहे, तर एकदम रडायला लागल्या. म्हणाल्या, काल रात्री एका बाळाच्या औषधाऐवजी दुसरीच बाटली हातात आली होती. पाजायच्या आधी चिठ्ठी वाचली म्हणून कळलं. झोप नाही म्हणून असं होतं, म्हणाल्या. आज परत जायची भीती वाटते, म्हणाल्या. मग मी सगळ्यांना सांगितलं."

"आणि माझी शिट्टी?"

"आबा, तुम्ही आलाच नाहीत."

तेवढ्यात कडी वाजली. माझ्या त्या ओरडण्याने सिस्टर उठल्या होत्या. दारात आल्या, केस विस्कटलेले, आणि मला बघून घाबरल्याच.

"दादा, किती वाजले? उशीर झाला का मला? बस गेली का?"

"साडेचार," मी म्हटलं. मग जे दीड महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "सिस्टर, तुमचा रात्रीचा पहारा किती तासांचा?"

"आठ ते आठ."

"मधे रिलीफ?"

"रिलीफ कोण देणार? वॉर्डात मी आणि एक आया. वीस-बावीस पोरं."

बारा तास. उभ्याने. मी फौजेत असा गार्ड कधी दिलेला नाही आणि कोणाला लावलेलाही नाही. मला माफी मागायची होती, खोटं कशाला बोलू, पण माफीचा शब्द माझ्या तोंडातून तेव्हा कधी निघायचा नाही. मी एवढंच म्हणालो, "जा, झोपा. बसच्या टायमाला माझी पोरगी दार वाजवेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या पोरांकडे. सगळी अजून ओठांवर बोट ठेवून उभी. बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. दार लागलं.

माझ्या बुटांना लोखंडी नाल होते, चालताना टक्‌टक् व्हायची. मी बूट काढले. थोरलीने ओळीतल्या एका जागेकडे बोट दाखवलं. मी बसलो, एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, दोन बंगाली पोरींच्या मधे, थंडगार गवतावर. पाठीवर दोन थापा बसल्या. उठून धावलो तर मोजे घसरले आणि मी आडवा. शेजारचा सरदारांचा मुलगा गाल फुगवून लाल झाला. मलाही हसू फुटलं, आणि माझं हसणं म्हणजे लहान नव्हे. थोरलीने लगेच ब्लॉकच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"हसायचं असेल तर तिकडे, आबा."

मी गेलो. धाकटा जिथे रडला होता तिथे उभा राहून हसलो, आणि हसता हसता डोळे पुसून परत आलो. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो. सहाला थोरलीने सिस्टरचं दार वाजवलं, आणि मग पोरांनी एकदाच, दिवसभराचं साठवलेलं, असं काही ओरडून घेतलं की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सिस्टर साडेआठला आल्या, दार लागलं. नऊच्या सुमाराला भाजीवाल्याची हातगाडी वळणावर दिसली. त्याचा आवाज माझ्याहून मोठा. मी स्वेटर चढवून पळत गेलो आणि गाडी अडवली.

"आज आवाज़ नहीं लगाना."

"बाबूजी, आवाज़ नहीं लगाऊँगा तो बिकेगा कैसे?"

त्याचंही बरोबर होतं. त्याला मी कोपऱ्यावरच थांबवलं आणि घराघरात स्वतः गेलो. बोटाच्या पेराने हळू दार वाजवायचं आणि विचारायचं, बहनजी, सब्ज़ी? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "हवलदार साब, आज सब्ज़ी की ड्यूटी लगी है?" कोणाला मटार, कोणाला गाजर, कोणाला मुळे. माझ्या मोडक्या अक्षरात कागदावर लिहून घेतलं, पिशव्या भरल्या, घरोघर पोचवल्या. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघितली.

"इसमें तो पीले पत्ते हैं."

मी जुडी घेतली, बूट हातात धरून जिना उतरलो, कोपऱ्यावर जाऊन ती बदलून घेतली, आणि पुन्हा वर चढलो.